अंकुशकाका आणि एकट्याचे फोटो

मांडवात मंगलाष्टकांची गडबड चाललेली असायची, नवरदेवाचे मित्र स्टेजवर खोळंबलेले असायचे, आणि आमचे अंकुशकाका कुठल्या तरी म्हाताऱ्याला हाताला धरून बाहेर उजेडात नेत असायचे. टोपी सरळ करायची, सदऱ्याचं वरचं बटण लावायचं, आजी असल्या तर पदर नीट घ्यायला सांगायचं आणि एकट्याचा एक फोटो काढायचा. तो कुणी सांगितलेला नसायचा आणि अल्बममध्येही लागायचा नाही.

भोरला एसटी स्टँडजवळ काकांचा स्टुडिओ होता. तिथं मी कॉम्प्युटरवर अल्बम जुळवायचे. मला सुरुवातीला हे फोटो म्हणजे नुसती अडगळ वाटायची. काढून टाकू का, असं विचारलं तर काका म्हणाले, "आगं, लगीन एका दिसाचं. घर आपल्याला जलमभर लागतं." मग त्यांनी भोंगवलीच्या एका मुलीची हकिगत सांगितली. आई गेल्यावर ती भिंतीवर लावायला फोटो मागायला आली होती. "तिच्या लग्नाचा समदा अल्बम चाळला. आई कुठं पंगतीत वाढतीया, कुठं कुणाच्या मागं उभी. फोटू आमीच काढल्यालं, आन एकात बी तोंड धड न्हाई. पोरगी हितं बसून रडली."

तेव्हापासून काकांना ही सवय लागली. गावात कुणी गेलं की घरचे काकांना फोन करत. काका फोटो मोठा करून, फ्रेम घालून स्वतः नेऊन देत. त्या घरच्या पुढच्या लग्नाचं काम मग दुसरीकडे जात नसे. यात धंदा होता का? होता, आणि काका तो लपवतही नसत. पण नुसता धंदा असता तर फोटो दिल्यावर ते त्या दुखवट्याच्या घरी ओट्यावर दिवसभर बसून राहिले नसते, हे मी पैजेवर सांगते.

मार्गासनीच्या एका घरातल्या तर सगळ्या लग्नांचे फोटो काकांनीच काढलेले. त्या घरातले थोरले आबा आजारी पडले. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकल्याचं कानावर आलं. काका मला म्हणाले, "आबांचा फोटू करून ठिव. त्या दिशी घरच्यांची पळापळ नको." मी केला. मागं निळं आभाळ, गळ्यात हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि तारखेची जागा मोकळी.

दुसऱ्याच दिवशी आबांचा मुलगा विलास दुकानात आला. दवाखान्याच्या कुठल्याशा योजनेसाठी आबांचा लहान फोटो हवा होता. काकांनी घाईघाईनं फोल्डर उघडलं आणि पडद्यावर हार घातलेले आबा आले.

"बाप जिता हाय माझा!" विलास ओरडला. "आन तुमी हार घालून बसलाय? पुसा. माझ्या बापाचा एकट्याचा एक बी फोटू तुमच्याकडं ऱ्हाता कामा न्हाई."

"पूस," काका मला म्हणाले. मी हाराचा फोटो पुसला. "मूळचा बी पूस. गिऱ्हाईक म्हणतंय ना." एखादा तरी राहू द्या, असं मी खुणेनं सांगून पाहिलं, पण ते माझ्याकडे बघेनात. विलास उभा राहिला आणि सगळं पुसल्याची खात्री करूनच गेला.

आबा बरे होऊन घरी आले, पण हाराच्या फोटोचा वेल्ह्यापर्यंत बोभाटा झाला. अंकुश फोटोवाला ज्याला बाजूला नेतो तो टिकत नाही, असं लोक बोलायला लागले. पालीच्या एका लग्नात काकांनी हात पुढं केला तर एक आजी तोंडावर पदर ओढून आत पळाली. लग्नं हातची जाऊ लागली, पण काकांच्या मनाला ती आजी लागली होती.

एके दुपारी आबाच दुकानात हजर. एसटीनं एकटे आलेले, पांढराशुभ्र फेटा बांधून. "काय रं अंकुश, मला हार घातलास म्हनं? काढ आता दुसरा, हसताना." काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, दिवे लावले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसेच उभे राहिले. बोट हलेना. शेवटी म्हणाले, "आबा, आज उजेड बराबर न्हाई. पुन्ना या." दुकानात लख्ख उजेड होता. आबा चहा पिऊन गेले. "कॅमेऱ्यातनं बघितलं की त्यो हारच दिसतुय मला," काका म्हणाले.

पुन्हा यायचं राहिलं. थंडीत आबा झोपेतच गेले. सकाळी विलास आला, डोळे सुजलेले. "काका, आबांचा एकट्याचा फोटू द्या." आपण काय सांगून गेलो होतो हे तो साफ विसरला होता. मी तोंड उघडलं, तोवर काकाच बोलले, "न्हाई रं बाळा. काँप्युटर बिघडला, त्यात गेला. माझीच चूक."

"येवढा घरोबा, आन एक फोटू संबाळता आला न्हाई तुमाला!" विलास तरातरा निघून गेला. दुपारी मार्गासनीत फ्लेक्स लागला. मोबाईलवरचा फुटलेला फोटो, आबांच्या खांद्यावर कुणाचा तरी कापलेला हात.

मी भडकले. "त्यानंच पुसायला लावला होता. खरं का नाही सांगितलंत?"

"त्याचा बाप गेलाय आज. फोटू बी तूच घालवलास म्हनू व्हय त्याला?"

"मग नंतर सांगा."

"कशापायी? माझ्यावर चिडला तर घरी जाऊन दोन घास खाईल. सोतावर चिडला तर त्ये बी न्हाई."

त्या घरची पुढची लग्नं पुण्याचे फोटोग्राफर काढू लागले. काकांना साधी पत्रिकाही येत नसे. त्यांना ते फार लागायचं, आणि त्यांचं तोंड बघून मला विलासचा राग यायचा.

गेल्या वर्षी काका गेले. दहाव्याला नदीवर विलास आला होता. माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "माणूस लई चांगला हुता, ताई. पर आमच्या आबांचा फोटू घालवला त्यांनी." सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता.

"हो," मी म्हणाले, "गेला खरा."