किती वेळा काढणार पिशवी?

सासूबाईंचा आजार आम्हाला कळला तो त्या डॉक्टर झाल्यामुळे.

माझं काम डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचं. एका सर्व्हे कंपनीसाठी मी मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटत होते. पुस्तकात काय लिहिलंय ते नको, प्रत्यक्षात तुम्ही काय करता ते सांगा, असं विचारायचं. कंपनी याला 'रिअल वर्ल्ड' म्हणायची. भाईंदर पश्चिमेच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईला मी हे समजावलं, तर ती म्हणाली, "मॅडम, यहाँ सब रिअलही है. नंबर लगाओ और बैठो." बसले.

प्रश्न अडखळत वाचला की डॉक्टर घड्याळाकडे बघतात आणि माझं डोकं तापतं. म्हणून पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या घरी मी तालीम करायचे. नवरा डॉक्टर व्हायला तयार नव्हता, पण सासूबाई एका पायावर तयार. रत्नागिरीच्या माणसाला नाटकाचं आमंत्रण लागत नाही. चष्मा नाकाच्या टोकावर, गळ्यात माझी इअरफोनची वायर आणि पुढ्यात निवडायची मेथी.

"पेशंट पहिल्यांदा येतात तेव्हा काय तक्रार असते, डॉक्टर?"

"लघवी लाल होते," त्या मेथी खुडत म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही."

मी खूश! अगदी खरे डॉक्टर सांगायचे तस्संच. "वा! मग लगेच येतात का?"

"छे! आधी कोकम सरबत बंद करून बघतात."

हसून हसून माझ्या हातातले कागद खाली पडले. "आणि मग?"

"मग वाटतं, पिशवीचं काहीतरी असेल. या वयात सुनेला काय सांगायचं?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं. "आई, हे कोणाचं चाललंय?"

"पेशंटचं," त्या म्हणाल्या आणि वायर गळ्यातून काढून ठेवली.

आता, आपल्याकडे बाई 'पिशवी' म्हणाली की ती गर्भाचीच. लघवीलाही पिशवी असते हे कुणाच्या गावी नसतं. पण सासूबाईंची ती पिशवी ऑपरेशन करून काढली त्याला कैक वर्षं झाली होती!

"अहो आई, तुमची पिशवी तर कधीच काढलीय!"

"होय गो. म्हटलं, थोडीशी राहिली असेल."

"थोडीशी राहायला ती काय कोथिंबीर आहे?" मी ओरडले. त्या फिस्सकन हसल्या. मग मीही हसले आणि हसता हसताच रडले. प्रश्नावलीतले पुढचे सगळे प्रश्न मला पाठ होते. गाठ किती खोल गेली, पिशवी काढावी लागली का, पेशंट पुढे कसा राहिला. मला भयंकर भीती वाटली. ही बाई मला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच भाईंदरच्या दवाखान्यात नंबर लावला. मला बघून डॉक्टरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. "आज प्रश्न नाहीत," मी म्हटलं, "पेशंट आणलाय."

सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दुर्बिणीतून ती काढू आणि तपासायला पाठवू. फार खोलवर गेली असेल तर मात्र पिशवी काढावी लागेल."

"काढून झालीय!" सासूबाई कडाडल्या. "किती वेळा काढणार?"

डॉक्टर गोंधळून आपलेच कागद चाळू लागले. मी कसंबसं म्हटलं, "आई, ही लघवीची."

"मग तसं बोला की! बाईला पिशव्या दोन आणि नाव एकच? एवढं शिकलात, दुसरं नाव नाही सुचलं?"

डॉक्टर पोट धरून हसले. एवढ्या सर्व्हेत मी एकाही डॉक्टरला हसताना पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट येईपर्यंत मी दिसेल त्याच्यावर डाफरत होते. नवरा, रिक्षावाला, लिफ्टचं दार, कुणी सुटलं नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गाठ वरवरची होती. निघाली, पण अशी गाठ परत येऊ शकते. म्हणून पिशवीत औषध सोडायचं आणि दर काही महिन्यांनी दुर्बिणीने बघायचं. पिशवी मात्र राहिली. मी बाहेर येऊन रिसेप्शनवरच्या बाईला मिठीच मारली. "अरे मॅडम, नंबर से!" ती म्हणाली.

तेव्हापासून सासूबाईंनी घरात एक प्रथा पाडली आहे. बाथरूममधून बाहेर आल्या की रंग जाहीर करायचा. तोही असा, की सगळ्या मजल्याला कळावा. नवरा लाजून चूर होतो. एकदा हॉलमध्ये नळवाला बसला होता, तरी त्यांनी कसूर केली नाही. शेजारच्या गुजराती बेन दारातून विचारतात, "शुं थयुं, बा?" "कलर बराबर है, बेन!" सासूबाई उत्तर देतात. सुनेला सांगायला लाजणारी हीच ती बाई!

दुर्बिणीची तारीख जवळ आली की मला पहाटेच जाग येते. अंथरुणात पडून मी बाथरूमच्या कडीचा कानोसा घेते. कडी निघते, चपला फटफटतात.

"पिवळीधम्मक!"

मग मी चहा टाकायला उठते.