साडूंचा देश आणि सासऱ्यांचा बांध

आमच्या साडूंइतका मोठा क्रिकेटपटू कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. हे मी नात्यापोटी म्हणत नाही. नात्यापोटी साडूचं कौतुक करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण खरी गोष्ट अशी, की हे गृहस्थ एका देशाकडून वीस षटकांचे आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले आहेत. एका देशाकडून म्हणजे आपल्या नव्हे. आपल्याकडे त्यासाठी मुंगीलाही शिरता येणार नाही एवढी रांग असते. साडूंनी रांगच नाही असा देश शोधून काढला. तरुणपणी ते युरोपातल्या एका बर्फाळ, चिमुकल्या देशात भारतीय हॉटेलात नान भाजायला गेले आणि सात वर्षं राहिले. ठरावीक वर्षं तिथे काढली की राष्ट्रीय संघातून खेळता येतं, हे त्यांना कढीपत्ता पोचवणाऱ्या माणसानं सांगितलं. तोच संघाचा सलामीचा फलंदाज होता. देशाचं नाव मी लिहीत नाही. साडूंना आपण संघात घेतलं होतं हे तिथल्या सरकारला ठाऊक असेलच असं नाही, उगाच कशाला कुणाची झोप उडवा.

साडू एकूण तीन सामने खेळले. पहिल्यात त्यांना फलंदाजी मिळाली नाही, दुसऱ्यात गोलंदाजी मिळाली नाही, आणि तिसऱ्यात अकराव्या क्रमांकावर येऊन त्यांनी एकच चेंडू खेळला. तो बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून सीमेपार गेला आणि षटकं संपली. नाबाद चार. साडू एकदाही बाद न झाल्यामुळे त्यांची सरासरी गणितानं काढता येत नाही. "दादा, मोठमोठ्यांची सरासरी निघते," ते मला म्हणतात, "माझी निघतच नाही. कॉम्प्युटर हात टेकतो." ते परत आले, कुंभिवलीला हायवेवर खानावळ काढली, तेव्हापासून त्यांनी बॅट हातात धरली नाही. आमच्या चाळीच्या अंगणात पोरांनी आग्रह केला तरी नाही. आंतरराष्ट्रीय खेळाडूनं उगीच रेकॉर्ड धोक्यात घालू नये, असं त्यांचं मत.

बाकी मात्र ते अष्टौप्रहर खेळाडूच असतात. भजी तळण्याआधी दहा मिनिटं खांदे फिरवतात, गुडघे छातीला लावतात. ट्रकवाले आधी घाबरायचे, आता त्यांतले दोघेतिघे सोबत व्यायाम करतात. दुपारच्या गर्दीच्या पहिल्या अर्ध्या तासाला ते पॉवरप्ले म्हणतात आणि त्या वेळात वाढप्यांना दाराजवळ उभं राहू देत नाहीत. मेव्हणी एकदा आमटी खारट झाली म्हणाली, तर त्यांनी दोन्ही हातांनी तिसऱ्या पंचाची खूण केली आणि चव घ्यायला मला दहिवलीहून बोलावून घेतलं. आमटी खारटच होती. "मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम," एवढं म्हणून ते निमूटपणे पाणी घालायला गेले. सरकारी फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ते 'आंतरराष्ट्रीय खेळाडू, निवृत्त नाही' असं लिहितात. खिडकीतला कारकून ते खोडून 'हॉटेल' लिहितो. साडू त्याला क्षमा करतात.

अडचण एवढीच होती, की यातल्या कशावरही आमच्या सासऱ्यांचा विश्वास नव्हता. सासरे पळसदरीचे. धरणाखाली त्यांची भातशेती, आणि जगात त्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या बांधावर. "नान भाजाया गेल्ता, नान भाजून आला," ते म्हणायचे. "मधीच देशासाठी कवा खेळला? आन तो देश आपला नाय, मंग याला घेतला कशाला? त्यांच्यात मानसं नव्हती?" यातलं शेवटचं वाक्य सत्याच्या फार जवळ असल्यामुळे साडू गप्प बसायचे. पण त्यांना लागायचं. सणावाराला आम्ही दोघे जावई शेजारी जेवायला बसलो, की सासरे मला भात कसा झालाय विचारायचे आणि त्यांना म्हणायचे, "काय कप्तान, अजून हवा का वरन?" आणि सगळं घर हसायचं. साडूही हसायचे, पण त्यानंतर ते भात मागत नसत.

मग एका माघात त्यांच्या जुन्या कप्तानाचा फोन आला. त्यांचा संघ कुठल्याशा पात्रता स्पर्धेसाठी आशियात येणार होता. मायदेशी मैदानावर गुडघाभर बर्फ, तेव्हा उन्हात चार दिवस सराव करायचा होता. कप्तान म्हणाला, "तू सांगायचास ना, तुझ्या गावी डोंगराच्या पायथ्याशी मोठं मैदान आहे, इंग्रज तिथे खेळायचे? आम्ही तिथेच येतो."

तेव्हा मला कळलं, की साडू जशा तिकडच्या गोष्टी इथे सांगत, तशाच इथल्या तिकडे सांगत होते. पळसदरीला इंग्रजांनी रेल्वे आणली हे खरं, पण चेंडू आणल्याचं ऐकिवात नाही. साडू माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "दादा, सासऱ्यांशी तुम्ही बोला. भात कापून झालंय, जमीन सुकलीय. फक्त मधले बांध काढले की झालं."

मी बोललो. सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं. "ख्येळा की," ते म्हणाले, "जमीन काय झिजत नाय. पन बांधाला हात लावलात तर जावई म्हनून बगनार नाय. माज्या बापानं घातलेला बांध हाय त्यो."

म्हणून जगातलं पहिलं पायऱ्यापायऱ्यांचं क्रिकेट मैदान पळसदरीला तयार झालं. मधल्या खाचरात काथ्याची चटई अंथरून खेळपट्टी केली. चारी बाजूंनी गुडघ्याएवढे बांध. नियम साडूंनीच लिहिले: पहिला बांध ओलांडला की दोन, दुसरा ओलांडला की चार, विहिरीत पडला की सहा, पण मारणाऱ्यानं स्वतः उतरून चेंडू काढायचा.

संघ आला त्या दिवशी अर्धी पळसदरी गोरे बघायला जमली होती. सासरे धुतलेलं धोतर नेसून पुढे उभे. मिनीबसचं दार उघडलं आणि एकामागून एक खेळाडू उतरले: लुधियानाचा कप्तान, जो तिकडे बस चालवतो, दोन गुजराती, एक लाहोरचा, पाच श्रीलंकेचे, आणि एकानं उतरल्याबरोबर "इथं चहा कुठं मिळतो हो?" असं विचारलं, तो सांगलीचा. सासऱ्यांनी प्रत्येकाकडे निरखून पाहिलं. "जावयबापू," ते साडूंना म्हणाले, "हे समदे आपलेच हायेत की रं. देश कुटं हाय?"

देश सगळ्यात शेवटी उतरला. तो सहा फूट उंच, लाल, घामानं निथळणारा यष्टिरक्षक होता. संघात अस्सल तिकडचा तेवढा एकटाच. त्यानं साडूंना पाहिलं, हातातली बॅग टाकली आणि साडूंना मिठीत उचललं. लोकांना वाटलं, गोऱ्याला ऊन लागलं.

तिसऱ्या दिवशी खालापूरच्या एका क्लबाशी सामना ठरला. सकाळी कळलं, की लाहोरच्या गोलंदाजानं आदल्या संध्याकाळी कर्जत स्टेशनवरचे सात वडे खाल्ले होते आणि आता तो उठू शकत नव्हता. दहाच खेळाडू उरले. कप्तान साडूंकडे आला. मी बाजूलाच होतो. साडूंच्या कपाळावर घाम आला. बारा वर्षं जपलेलं नाबादपण आणि समोर बांधावर बसलेले सासरे. मला वाटलं, हे आता गुडघा दुखतो म्हणणार. पण ते म्हणाले, "मेव्हणीला.. म्हणजे तुमच्या मेव्हणीला सांगा, कपाटातली जर्सी पाठव." गोंधळात त्यांना स्वतःच्या बायकोचं नातंही धड सांगता येईना.

जर्सी आली. ती आता पोटावर अशी बसली, की देशाचं नाव ताणून दुप्पट मोठं दिसू लागलं. क्लबानं आधी फलंदाजी केली. परदेशी क्षेत्ररक्षक चेंडूमागे धावायचे आणि बांधाला अडखळून पलीकडच्या खाचरात दिसेनासे व्हायचे. थोड्या वेळानं तिकडून चेंडू यायचा, मग माणूस. साडूंच्या संघाची पाळी आली आणि गडी पटापट पडत गेले. शेवटच्या चेंडूला तीन धावा हव्या होत्या. खेळपट्टीवर एका टोकाला तो लाल यष्टिरक्षक आणि दुसऱ्या टोकाला, बॅट घेऊन, आमचे साडू.

साडूंनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू सरपटत गेला आणि बांधातल्या उंदराच्या बिळात शिरला. क्लबाचे दोन क्षेत्ररक्षक पालथे पडून बिळात हात घालू लागले. इकडे दोघे धावत होते आणि धावताना साडू ओरडत होते, त्या देशाच्या भाषेत, घशात माशाचा काटा अडकल्यासारख्या त्या भाषेत, सलग, न अडखळता. यष्टिरक्षक तसाच ओरडून उत्तर देत होता. सासरे उभे राहिले. मला वाटलं, आता यांना पटलं. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. क्षेत्ररक्षकांनी चेंडूसाठी बांधाची माती उकरायला घेतली होती.

"ए! माजा बांध!" म्हणून सासरे धावले, दोघांना बाजूला सारलं, हातातली काठी बिळात घालून एका झटक्यात चेंडू बाहेर काढला आणि रागानं फेकला. तो सरळ यष्ट्यांवर गेला. साडू तिसऱ्या धावेसाठी खेळपट्टीच्या मधोमध होते.

मोठा वाद झाला. प्रेक्षकानं फेकलेला चेंडू चालत नाही, असं कप्तान म्हणाला. "मी परेक्षक नाय," सासरे म्हणाले, "मी मालक हाय." पंच माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात साडूच पुढे आले. "आउट आहे," ते म्हणाले. "मी पोचलो नव्हतो." सामना बरोबरीत सुटला.

दुपारी सगळे खाचरातच जेवायला बसले. साडू वाढत होते. कप्तान सासऱ्यांशेजारी बसला आणि हिंदीत सांगू लागला: तिकडे हिवाळ्यात अंधार लवकर पडायचा, घरची आठवण यायची, मैदानावर चार माणसंही जमत नसत, पण सामन्यानंतर साडू स्वतःच्या खोलीवर सगळ्यांना डाळभात करून घालायचे, आणि त्या भातासाठी माणसं यायची. "बाबा, ये नहीं होता तो हमारी टीम ही नहीं होती." सासऱ्यांनी पानावर नजर ठेवली. मग साडू भाताचं पातेलं घेऊन आले तेव्हा म्हणाले, "बसा आता तुमी. मी वाडतो." आणि खरंच उठले.

हा सामना अधिकृत नव्हता, त्यामुळे सरासरी अजून शाबूत आहे, असं साडू सांगतात. संघ गेला, पात्रता स्पर्धेत सगळे सामने हरला, आणि पावसाळ्यात खाचरांत भात लागला.

सासऱ्यांना अलीकडे कमी दिसतं. रविवारी साडू खानावळ बंद करून त्यांच्याकडे येतात, ओटीवर बसतात. कुठे सामना चालू असला तर म्हातारा मान वळवून विचारतो, "आपलं काय झालं रं?" आपलं म्हणजे त्या थंड देशाचं. साडू मोबाइल डोळ्यांजवळ धरतात, जरा थांबतात आणि म्हणतात, "जिंकलो, बाबा." परवा मी मागून डोकावून पाहिलं. दारुण हरले होते. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी धरणाकडे पाहिलं. "झ्याक झालं," म्हातारा म्हणाला, आणि भिंतीला टेकून त्यानं डोळे मिटले.