बांध कोरणारा माझा माणूस

माझ्या कादंबरीचं बाड प्रकाशकाने परत पाठवलं. "ताई, तुमच्या खलनायकाला शेंबडं पोरसुद्धा फसवेल," असं फोनवर म्हणाला. त्याच आठवड्यात लातूरच्या मैत्रिणीच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. जो तो तिच्या खलनायकाचं कौतुक करायचा आणि ते करायला माझ्याच घरी यायचा. आम्ही दोघी एकाच कॉलेजात होतो. तेव्हा वर्गात निबंध माझे वाचून दाखवत.

ती कार्यक्रमासाठी नांदेडला आली आणि माझ्याकडेच उतरली. रात्री तिने माझं बाडही वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी तिला मुदखेडजवळच्या आमच्या शेतात हुरड्याला नेलं. पाहुणीला न नेऊन चालत नाही. लागून चुलत दिराचं शेत. आगटी त्यानेच पेटवली, कोवळी कणसं निवडून भाजली, तळहातावर चोळून पहिला घास तिला दिला.

"किती प्रेमळ माणूस गं!"

"दर वर्षी नांगरताना आमचा बांध कोरून वीतभर जमीन आत घेतो हा प्रेमळ माणूस," मी हळूच म्हटलं.

तिने सरळ त्यालाच विचारलं, "दादा, बांध कोरता म्हणे तुम्ही?"

"हाव," तो हसला. "वहिनी राहतात नांदेडात. बांधावर नुसतं गवत माजतं. चोरी न्हाई ती, ताई. मी जमीन सांभाळून राहिलो." मग चटणी माझ्याकडे सरकवली. "खा वहिनी, तुमच्याच बांधावरची ज्वारी हाय."

माझ्या कादंबरीतला खलनायक हाच. मी त्याला मिशा आणि कुऱ्हाड देऊन भर दुपारी ओरडत आणला होता.

मैत्रीण खायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखते.

"हा मी घेऊ?"

"भावकी माझी, बांध माझा. लातूरला काय दुष्काळ पडलाय का अशांचा?"

"तुझ्या बाडात वाया गेलाय गं तो."

बोचलं, कारण खरं होतं.

ती गेल्यावर लिहायला बसले. कुऱ्हाड काढली, मिशाही काढल्या. आता त्याला स्वतःला पटेल असं कारण हवं होतं. ते शोधावं लागलं नाही. मैत्रिणीला मिळणारी वाहवा मुळात माझ्या हक्काची आहे, तिला त्या वाहवेची कदर नाही, मी घेतली तर ती चोरी कशी? हे मी रोज भांडी घासताना स्वतःला सांगत होतेच. 'वाहवा'च्या जागी 'जमीन' लिहिलं. प्रकरण एका बैठकीत झालं.

महिन्याभराने तिचा फोन आला. "जमला का गं तुझा दीर?"

"जमला."

"पाठव ना वाचायला."

"छापल्यावर विकत घे," मी म्हटलं.