मेथीची अख्खी जुडी

मेथी निवडताना बोटांना कडवट वास लागला की आईचा प्लास्टरमधला उजवा हात आठवतो. हाडं ठिसूळ झाल्याने डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. रक्त पातळ ठेवायचं औषध घेणारे बाबा म्हणाले, "गुडघे माझेही दुखतात, एक मलाही दे." आमच्या पाणीगेट भागातला गुजराती औषधवालाही म्हणाला, "काकाने पण चाले, विटामिन तो छे!" काकांनाही चालेल म्हणे, विटामिनच तर आहे. आईने भिंग धरून पाकीट वाचलं. त्यात विटामिन के होतं. "हे तर मेथीतलंच! औषधाचा जोर कमी होतो म्हणून यांना मेथी मोजून वाढते, आणि तेच आता गोळीतून देऊ?" तिने डॉक्टरांना फोन लावला. "बरं झालं विचारलंत, त्यांना अजिबात देऊ नका." त्या दुपारी तिने मला अख्खी जुडी परतायला लावली आणि "माझ्या हाडांना तर हेच हवं" म्हणत ताट पुढ्यात ओढून, डाव्या हातात चमचा धरून बाबांसमोर एकटीने संपवली. आता तशा गोळ्या मलाही आहेत. मेथी केली की मीही ताट तसंच पुढ्यात ओढते.