वीतभर फट

माझ्या काकांना सगळा बाजार थेंबकाका म्हणतो. ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या ते चाळीस वर्षं शिवत आले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत आले, "एक थेंब आत आला तर नाव बदलीन." थेंब कधी आला नाही, पण लोकांनी नाव बदलायचं ते बदललंच.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबोडकी खोली. पुढे कापड पसरायला मोकळी फरशी, मध्ये काळं जड मशीन, फळीवर मेणाच्या वड्या, दाभणं आणि पितळी रिंगांचे डबे. पडद्यामागे राहायची खोली. तिला एक खिडकी आहे, पण असून नसल्यासारखी. लग्न झालं त्याच वर्षी काकांनी तिच्या सगळ्या फटींवर मेण चोपडलेल्या कापडाच्या पट्ट्या ठोकून टाकल्या. वारा आला की पाऊस येतो आणि पाऊस आला की थेंब, हे त्यांचं शास्त्र. काकू तेव्हापासून म्हणतेय, "अहो, जीव घुसमटतो माझा." काकांचं उत्तर ठरलेलं, "कोरडी आहेस ना?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, आणि आमच्या घड्याला तर वरून मेणही लावलेलं.

मग बाजारात तयार प्लास्टिकच्या ताडपत्र्या आल्या आणि ट्रकवाले हळूहळू यायचे थांबले. काका रोज सकाळी मशीनला तेल घालायचे, पुसायचे आणि त्याच्यासमोर बसून राहायचे. बडबड्या माणूस गप्प झाला की घर भकास होतं. मला ते बघवत नव्हतं.

मी टपाल कचेरीत काउंटरवर बसते. लोकांचं ऐकून घेणं हाच माझा धंदा, त्यामुळे ओळखीही होतात. तशाच एक बाई ओळखीच्या झाल्या. गावाबाहेर तळ्याकाठी त्यांची तंबूंची छावणी आहे, माणसं दोन दिवस मोकळ्यावर राहायला येतात. त्यांना सहा टीपी हवे होते. मी मध्ये तोंड घातलं, "आमच्या घरातच माणूस आहे," आणि सुटल्यावर तडक दुकानात गेले.

"काका, टीपीचं काम आलंय."

"दोन वर्षं टीपीच करतोय," काका म्हणाले. "मशीन पुसणं म्हणजे दुसरं काय?"

मी बाईंनी दिलेला चित्रांचा कागद पुढे केला. हा टीपी म्हणजे शंकूसारखा उंच तंबू. वाशांची मोळी शेंड्याला बांधायची, पाय गोल पसरायचे, भोवती एकच मोठं कापड गुंडाळायचं आणि पुढून लाकडी काड्यांनी टाचायचं. वर धूर जायला भोक, भोकाच्या दोन बाजूंना कापडाचे दोन कान, वारा बघून उघडायचे नाहीतर मिटायचे. आतून छातीच्या उंचीपर्यंत वेगळं अस्तर. काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी चष्मा पुसला.

बाईंची अट सरळ होती. आधी एकच शिवा आणि छावणीत उभा करा. रविवारी मी स्वतः आत येऊन बसेन. कोरडा निघाला तर उरलेले पाच तुमचे, नाहीतर तयार मागवते. काका त्या दिवशी काकूला म्हणाले, "हे जमलं नाही तर मशीन विकून टाकू." ते चिडून बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं. शांतपणे बोलले, म्हणून मला भीती वाटली.

दहा दिवस दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. "टीपीला टिपा मारतायत," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि स्वतःच हसायची. प्रत्येक जोडाला वरचं कापड खालच्यावर, म्हणजे पाणी कुठे न अडता उतरून जावं. टिपेवर मेण घासायचं आणि त्यावरून कोमट इस्त्री फिरवायची. हात असा चालत होता की बघत राहावं.

कागदावर एक सूचना होती, बाहेरचं कापड जमिनीपासून वीतभर वर ठेवावं. काकांनी ती पेन्सिलीने खोडली.

"छापणाऱ्याची चूक," ते म्हणाले. "ताडपत्री अधांतरी ठेवणारा शहाणा मला अजून भेटायचाय."

गुरुवारी मी रजा टाकली. आधी तीन वासे बांधून तिवई उभी केली, मग बाकीचे एकेक करून तिच्या बेचक्यात टेकवले, शेवटच्या वाशाला कापड बांधून तो उचलला आणि दोन्ही बाजूंनी ओढत पुढे आणलं. कापड तबल्यासारखं ताणलं गेलं. आतून वाशांना दोरीने अस्तर बांधलं. कापड जमिनीला पार टेकवून काकांनी खुंट्या ठोकल्या, कडेने मातीचा बांध घातला आणि वरचे कानही घट्ट मिटले. थेंबाची आता काय टाप होती. त्या रात्री काका-काकू तिथेच झोपणार होते.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर पांघरुणं झुडपावर वाळत घातलेली. आतल्या भिंती घामेजल्या होत्या. काकांनी दिवसभर एकेक टीप बोटाने चाचपली, पुन्हा मेण लावलं, मातीचा बांध दुप्पट केला. शनिवारी सकाळी काकूच्या उशीवर पाणी होतं. गंमत म्हणजे दोन्ही दिवस आभाळ कोरडं ठणठणीत. मी तसं म्हटलंही, पण तंबूचे कान मिटलेले आणि तंबूवाल्याचेही.

काका खुंटीपाशी खाली बसले. ओलं कापड मुठीत धरून म्हणाले, "हात गेला माझा."

मला रडू आलं, मी तळ्याकडे बघत राहिले. काकू मात्र त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"अहो, चाळीस वर्षं तुम्ही काय काय झाकलंत?"

"काय म्हणजे? सिमेंट. साखर. धान्य. यंत्रं."

"यातलं श्वास कोण घेतं?"

काकांनी मुठीतलं कापड सोडलं.

"पातेल्याच्या झाकणाला आतून पाणी येतं, ते काय वरून गळतं?" काकू म्हणाली. "गोण्या श्वास घेत नाहीत, मी घेते. तेवीस वर्षं त्या खोलीत घेतेय. तुमच्या कामात खोट नाही, पण आत माणूस आहे हे तुमच्या लक्षातच येत नाही."

मग काकांनी खिशातून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "ते खोडलेलं वाच गं."

मी वाचलं. पुढची ओळही वाचली, जिच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. बाहेरचं कापड वर, अस्तर मात्र जमिनीला टेकलेलं. खालून शिरलेला वारा दोघांच्या मधून वर चढतो आणि आतली वाफ, धूर भोकातून घेऊन जातो.

काकांनी मातीचा बांध पायाने मोडला. खुंट्यांच्या दोऱ्या सैल करून कापड वीतभर उचललं, वीत स्वतःच्या हाताने मोजली. जन्मभर फटी बुजवलेल्या माणसाने ठेवलेली ही पहिली फट. मग त्यांनी कान उघडले. आत उदबत्ती लावली तर धुराची रेघ सरळ वर गेली. रविवारी सकाळी पांघरुणं कोरडी होती.

बाई दुपारी आल्या आणि पाऊसही त्यांच्या पाठोपाठ आला, जणू एकाच गाडीतून उतरले. काकांनी बाहेरून एक कान वाऱ्याच्या बाजूला वळवला आणि आम्ही चौघं आत बसलो. कापडावर पाऊस वाजत होता, आत सगळं कोरडं. तेवढ्यात बाईंच्या गुडघ्यावर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा.

बाईंनी वर पाहिलं. थेंबकाका एरवी अशा वेळी मेणाची वडी शोधत धावले असते. आज ते उठले, वाशावर बोट ठेवून पाण्याची वाट बघत बघत खाली आले. पाऊस शेंड्याच्या भोकातून वाशावरून उतरत होता, तो उतरणारच. अस्तराची दोरी जिथे वाशाला बांधली होती तिथे अडून तो खाली टपकत होता. काकांनी जमिनीवरच्या दोन काटक्या उचलल्या आणि दोरी नि वासा यांच्यामध्ये शेजारी शेजारी सरकवल्या. मध्ये बोटभर वाट झाली. पाणी दोरीखालून निघून वाशावरून अस्तराच्या मागे जमिनीत गेलं.

"हे कागदावर नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नव्हतं," काका म्हणाले. "त्याला अडवलं म्हणून तो आत आला. जाऊ दिला की जातो."

बाईंनी विचारलं, बाकीचे पाच कधी सुरू करताय? काका म्हणाले, "उद्या नको. उद्या घरी एक काम आहे."

सोमवारी कचेरी सुटल्यावर मी दुकानात गेले. फरशीवर नवं कापड पसरलेलं होतं, पण मशीन बंद होतं. पडद्यामागे काका स्टुलावर उभे राहून पकडीने शेवटचा खिळा उपटत होते. खाली काळपट पट्ट्यांचा ढीग. काकू उघड्या खिडकीशी भाजी निवडत बसली होती आणि तिच्या कपाळावरचे केस वाऱ्याने हलत होते. बाहेर भुरभुर पाऊस होता. खिडकीच्या कठड्यावर चार-दोन थेंब आले, एक तिच्या हातावर पडला.

काकांनी सवयीने फडकं उचललं.

"राहू द्या," काकू म्हणाली.

त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि तिच्याशेजारी बसून भाजी निवडायला घेतली.