डोहात फिरवलेली तुरटी

शहरात चार वर्षं राहिलं की माणसाला अक्कल फुटते, आणि ती पाजळायला त्याला गाव लागतं. मला लागलं.

तेव्हा मी सिडकोत राहायचो. दुष्काळाची वर्षं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि आमच्या कॉलनीतले दीडशहाणे टँकरच्या पाण्यानं गाड्या धुवायचे. जिकडंतिकडं झाडं तोडून बिल्डिंगा उठत होत्या, आणि त्याच बिल्डिंगांच्या गॅलरीत उभं राहून लोक विचारायचे, यंदा एवढं गरम का होतंय? मी टँकरचं पाणी हौदात उतरवून घ्यायचो. गढूळ आलं की तुरटी फिरवायची, तासाभरात नितळ. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला पाण्यातला जाणकार समजायला लागलो होतो.

आमचं गाव गंगापूरकडं, नदीकाठी. आम्ही मेंढरंवाले. गावाखाली नदीत एक डोह आहे. होळी झाली की त्यात जाळं टाकायचं नाही, मेंढरंही दुसरीकडं पाजायची, असा गावाचा कायदा होता. नदी आटली की मासे त्या डोहातच तग धरायचे, आणि पूर आला की तेच ओढ्यानं वर चढून अंडी घालायचे. माझे चुलते, आबा, डोहाची राखण करायचे. ‘बेणं राखतो मी,’ म्हणायचे. गावानं विश्वासानं दिलेलं काम. म्हाताऱ्याला दुसरा कसला मान नव्हता.

त्या वैशाखात मी गेलो तर डोहात गुडघाभर पाणी उरलेलं. दुपारी हात घातला तर आंघोळीला काढल्यासारखं कढत. मासे वर येऊन तोंडं वासत होते. आबा बाभळीच्या फांद्या तोडून पाण्यावर सावली करत होते. मला हसू आलं.

“आबा, गाळानं गुदमरतेत ते. पाणी नितळ करावं लागंल.”

“गाळ नाय रे. ऊन लई झालंय, पाणी तापलंय.”

“तुम्हाला नाय कळायचं.”

आबांनी हातातली फांदी खाली ठेवली. मग म्हणाले, “व्हय बाबा. तू शिकलेला हायेस.”

मी गंगापूरहून पोतंभर तुरटी आणली आणि सगळ्या डोहात फिरवली. सकाळी तळाचे दगड दिसत होते. वर मासे उलटे तरंगत होते, पोटं अंड्यांनी फुगलेली. एवढी तुरटी माशांच्या कल्ल्यांना विष असते, हे मला ठाऊक नव्हतं. उन्हानं त्यांना अर्धमेलं केलं होतं, उरलेलं काम माझ्या अकलेनं केलं. थू असल्या अकलेवर.

कुणी यायच्या आत आबांनी सगळे मासे काढून पुरले.

पावसाळ्यात पूर आला तेव्हा मी पुन्हा गावी आलो होतो. चढणीचे मासे बघायला नेहमीसारखं गाव ओढ्यावर जमलं. दुपार झाली तरी एक मासा चढला नाही. कुणीतरी म्हणालं, “म्हाताऱ्यानं कसली राखण केली? विकून खाल्ले असतील.” बाकीचे हसले.

आबांनी मान खाली घातली. “माझाच डोळा लागला आसंल,” म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि मी काही बोललो नाही.