सिसिलीच्या हॉटेलातला मध

अण्णांनी पानाला हात लावला नव्हता, आणि इन्शुलिन मी केव्हाच देऊन बसलो होतो.

इन्शुलिन रक्तातली साखर उतरवतं. टोचल्यावर थोड्या वेळात जेवावंच लागतं, नाहीतर साखर फार उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो. कोल्हापुरात हे नीट बसलेलं होतं. अण्णा जैन, तेलाच्या गिरणीचे मालक. दिवस मावळल्यावर पाणीही घेत नसत. मी राजारामपुरीतला दवाखाना सोडून संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो, इंजेक्शन द्यायचो, आणि ते उजेडात जेवायचे.

त्यांचा मुलगा भूपाल मशिनरी घ्यायला इटलीला निघाला. अण्णांनाही जायचं होतं, म्हणून मला बरोबर घेतलं. मशिनरी विकणाऱ्या कंपनीने आमची सोय सिसिली बेटावरच्या समुद्रकाठच्या हॉटेलात केली. संगमरवरी जिने, खोलीतून थेट वाळूत उतरणारं दार. एवढं ऐश्वर्य मी पाहिलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी, कोल्हापुरात द्यायचो त्याच ठोक्याला, इंजेक्शन दिलं आणि समुद्रात पाय बुडवायला गेलो. नोव्हेंबरात तिथे दिवस लवकर मावळतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हॉटेलचा भात आला तेव्हा अंधार पडला होता.

मी परतलो तर अण्णा घामाने भिजलेले. दोन घास खा म्हणून विनवलं.

"दिवस बुडाला की," ते म्हणाले. "आता उद्या."

थोड्या वेळात जीभ अडखळू लागली, मग शुद्ध गेली. ग्लुकोजची इंजेक्शनं मोठ्या ट्रंकेत, आणि ट्रंक आम्ही बोटीतून उतरलो त्या बंदरावर. सामान हलकं असावं म्हणून मीच ती तिथे ठेवायला लावली होती. वेटरला खुणेने गोड काहीतरी मागितलं. त्याने मधाची बरणी आणली.

जैनांना मध मांसाइतकाच वर्ज्य. भूपालने माझं मनगट धरलं. "डॉक्टर, ते नगं. स्वैपाकघरातनं साखर आणतो. दोन मिनिटं थांबा."

"दोन मिनिटं नाहीत," मी म्हणालो, आणि मध त्यांच्या हिरड्यांना चोळला.

दोन मिनिटं होती. नाडी चालू होती, श्वास नीट होता. मला काळजी अण्णांच्या जिवाची कमी आणि माझ्या नावाची जास्त होती.

ते शुद्धीवर आले. ओठ चाटून म्हणाले, "काय घातलंसा तोंडात?"

"साखर," भूपाल म्हणाला.

"हितल्या साखरंला फुलांचा वास हाय व्हय?"

मधाची चव त्यांना ठाऊकच नव्हती. रात्री साखर पोटात गेली म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रायश्चित्ताचे उपास धरले. मी विरोध केला नाही; इन्शुलिन कमी केलं. समुद्राकडे मी पुन्हा फिरकलो नाही.

काही वर्षांनी कोल्हापुरात त्यांच्या मूत्रपिंडांनी हार खाल्ली. शेवट जवळ आला तेव्हा मुनिमहाराजांना बोलावलं. त्यांच्यापुढे अण्णांनी आयुष्यातल्या चुका एकेक करून सांगितल्या. सिसिलीतली साखरही सांगितली. मग मान माझ्याकडे वळवली.

"पर मध जन्मात शिवला न्हाय, महाराज. इचारा डॉक्टरांस्नी. सिसिलीत बी हेच हुते की माझ्यासंगं."

भूपाल खाली बघत होता. महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी "होय" म्हणालो.

त्या समाधानात अण्णा गेले.

आता नव्या रुग्णाला मी आधी विचारतो, काय खात नाही आणि केव्हा खात नाही. आजार त्यानंतर. माझ्यात सुधारता आलं ते इतकंच.